पदराआडचं बोलणं

जुने शहर, अकोला
१२ जुलै १९६१

ती. ताराबाई यांना जमुनेचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या भावाच्या हाती टाकायला दिलं आहे, घरात दुसऱ्या कोणाला माहीत नाही. नणंदेला लिहिताना भावजयीने आधी चार गोड गोष्टी लिहाव्यात, हे मला कळतं. आज माझ्याजवळ एकही नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

शैला माझं ऐकत नाही. सात वर्षांची पोर, बारशाला तुम्हीच नाव ठेवलेली, पण आईच्या शब्दाला घरात किंमत नाही हे ती चारचौघांत दाखवून देते. आपलं घर तुम्हाला ठाऊकच आहे. मामाजी, तुमचे बाबा, मळ्यातून आले की दिवसभर ओसरीवर हार ओवत बसतात, शेजारी सासूबाई फुलं निवडतात, गिऱ्हाइकांची ये-जा असते. मी आत चुलीपाशी पदर दातात धरून. मी म्हणते, "शैला, पाणी आण." पोर चार हातांवर बसलेली असते, तिची मान हलत नाही. पुन्हा म्हणते, पुन्हा तेच. मग मामाजी तिच्यासमोर येऊन म्हणतात, "शैले, मायले पाणी दे," आणि ती पळत जाते. सासूबाईंना हसू येतं. हसून झालं की म्हणतात, "बापाचं ऐकते, आबाचं ऐकते, माहं ऐकते. तुहंच काहून ऐकत नाई वं? आईमंदीच दम नाई."

शाळेतही हेच. पहिलीचं हे दुसरं वर्ष. केशवराव गुरुजी म्हणतात, पोरगी हट्टी आहे, मुद्दाम करते. फळ्यावरचं सुबक उतरवून घेते, पण तोंडी काही विचारलं की गप्प, आणि शुद्धलेखन सांगितलं की पाटी कोरी. बोलणंही अजून बोबडं आहे. आबांशी मात्र तासन्‌तास बोलत बसते.

आता खरी भीती सांगते. तुमच्या थोरल्या बहिणीला, अकोटच्या तानुबाईंना, दसऱ्याच्या सुमारास तिसरं होणार. सासूबाई म्हणतात, "शाळेतून नाव काढा अन् अकोटले पाठवा पाळणा हालवायले. शिकणं तिच्या नशिबात नाई." मामाजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. एकदा ती अकोटला गेली की पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, हे मला इथे बसून दिसतं आहे. मी चौथीपर्यंत शिकले म्हणून आज तुम्हाला लिहू तरी शकते. तिला तेवढंही मिळू नये का?

तुम्ही अमरावतीला एवढ्या पोरी शिकवता. हिचं काय करू ते सांगा. मामाजींना मात्र काही लिहू नका, उत्तर तुमच्या भावाच्या नावाने पाठवा. त्यांना आलेली पत्रं ओसरीवर मोठ्याने वाचली जातात.

आपली
जमुना


अमरावती
१८ जुलै १९६१

चि. सौ. जमुना हिला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोड गोष्टी नव्हत्या हे बरंच झालं, पावसाळ्यात मला तशाही पचत नाहीत.

रागावू नकोस, पण मला यात फारसं नवल वाटलं नाही. तू आमच्या घरात आल्यापासून तुझा आवाज कोणी धड ऐकला आहे? बोलतेस ते पदरात, आणि त्यातलं निम्मं पदरालाच ऐकू जातं. पोरांना सूर बरोबर कळतो. ज्याच्या बोलण्यात जोर नाही त्याला ती जुमानत नाहीत, मग ती आई असो की मास्तरीण. माझ्या वर्गात दर वर्षी अशा दोन-तीन असतात आणि दिवाळीपर्यंत सुतासारख्या सरळ होतात.

तेव्हा असं कर. सांगायचं ते एकदाच आणि ठणकावून सांग. नाही ऐकलं तर कोपऱ्यात बसव, सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवायला वाढ. मध्ये विरघळायचं नाही. तू विरघळणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच बजावते.

मायच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. नवरा गेल्यावर मी शिकून नोकरी धरली, तर ती मला अजून विचारते की शाळेत पोरी मला भीत कशा नाहीत. अकोटला पाळणा हलवायला माणूस हवं हे खरं, पण त्यासाठी आपल्या पोरीची पाटी फोडायची हे मी होऊ देणार नाही. तू म्हणतेस म्हणून बाबांना तूर्त काही लिहीत नाही.

तुझी
तारा


अकोला
९ ऑगस्ट १९६१

ती. ताराबाईंना नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. विरघळले नाही. आता वाटतं, विरघळले असते तर बरं झालं असतं.

एकदाच सांगायचं, नाही ऐकलं तर कोपरा. रोज कोपरा होऊ लागला. पंगत उठल्यावर ती एकटी जेवायची आणि जेवताना एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायची, काय चुकलं ते कोणी सांगेल म्हणून. मी तुमचं पत्र आठवून चुलीकडे तोंड करून बसले.

परवा ओसरीवर मामाजी होते, लग्नाच्या हारांची बोली करायला आलेली माणसं होती. मी दाराआडून शैलाला म्हटलं, "झेंडूची टोपली आत आण." ती आली, माझ्यासमोर उभी राहिली, नुसती बघत. मी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. जागची हलली नाही. लोक बघायला लागले. माझा हात उठला, ताराबाई. जन्मात पहिल्यांदा मी तिला एवढ्या जोराने मारलं.

ती रडली नाही. तिने हात वर केला, माझ्या तोंडावरचा पदर मुठीत धरला आणि खाली ओढला. मामाजींसमोर, परक्या पुरुषांसमोर. मामाजींनी मान फिरवली. मी आत पळाले.

सासूबाई म्हणाल्या, "आज पदर ओढला, उद्या झिंज्या ओढंन. तूच शिकवलं असंन." तुमचे भाऊ काही बोलले नाहीत, ते कधीच काही बोलत नाहीत. त्याच संध्याकाळी मामाजी पहिल्यांदा म्हणाले की अकोटचं पाहू. केशवराव गुरुजींचाही निरोप आला आहे, दिवाळीपर्यंत सुधारली नाही तर नाव कमी करावं लागेल.

मला आता शैलाची भीती वाटते आणि स्वतःचीही. पोटच्या पोरीला मी इतकी नकोशी झाले असेन का?

जमुना


अमरावती
१६ ऑगस्ट १९६१

चि. सौ. जमुना हिला आशीर्वाद.

माझा मागचा सल्ला चुलीत घाल. आजपासून पोरीला सगळ्यांबरोबर जेवायला बसव.

तुझं पत्र मी शाळेत नेलं होतं, मधल्या सुट्टीत पुन्हा वाचलं. पोर चिडली असती तर हात झटकून पळाली असती, चावली असती, भोकाड पसरलं असतं. ही मार खाऊन उभी राहते आणि तुझ्या तोंडावरचा पदर काढते. हे रागाचं लक्षण नाही. तिला तिथे काहीतरी बघायचं होतं.

मी वर्गात आले तर माझी एक विद्यार्थिनी नेहमीप्रमाणे जागा बदलून अगदी माझ्यापुढे येऊन बसली होती. तिचा कान वाहतो. मी फळ्याकडे वळले की ती लगेच शेजारणीला कोपराने ढोसते, मी काय म्हटलं ते विचारायला. इतके दिवस मी तिला चुळबुळी म्हणत आले. आज ती ढोसताना पाहिली आणि मला शैला आठवली.

शैलाचा कान कधी वाहत होता का? गोवर आला होता का? आणि एक कर. ती खेळात रमलेली असताना तिच्या पाठीमागे जा, सावली पडू देऊ नकोस, आणि ऐकू येतं का ते बघ. लगेच कळव. मी देवाजवळ हेच मागते की माझी शंका खोटी निघो.

तारा


अकोला
३० ऑगस्ट १९६१

ती. ताराबाईंना नमस्कार.

तुमची शंका खोटी निघाली. तरी मला आनंद होत नाही, का ते सांगते.

नुसत्या हाकेला ती वळत नाही हे तर रोजचंच, त्यातून काय कळणार? म्हणून मी थाळी घेतली. ती अंगणात गारगोट्या मांडत होती. मी मागून थाळीवर पळी मारली. ती दचकून वळली. मी आधी देवाला हात जोडले. आणि मग मनात आलं. थाळी ऐकू येते, मग आई का ऐकू येत नाही? म्हणजे गुरुजी म्हणतात तेच खरं, ती मुद्दाम करते. सासूबाईंनी पाहिलं होतं. त्यांनी साऱ्या गल्लीत सांगितलं, "बयरी नाई बाप्पा, बेरकी आहे."

गोवराचं विचारलंत. तिसऱ्या वर्षी आला होता, फार जोराचा. नंतर हिवाळाभर कान वाहिला. सासूबाई रोज कोमट लसणीचं तेल घालायच्या, मग थांबला. अजूनही पावसाळ्यात उशी ओली होते. त्या तेलाची तिला इतकी सवय झाली आहे की मध्येच काय डोक्यात येतं कोण जाणे, वाटीतलं तेल बोटावर घेऊन माझ्या गळ्याला चोळते. मामाजी बाहेर गेले की हे उद्योग. मी हात बाजूला करते.

आणखी एक वेडेपणा. संध्याकाळी दिवा लावायला उशीर झाला की ती एकदम मुकी होते, कोणाचंच ऐकत नाही, आबांचंसुद्धा. नुसती माझ्या लुगड्याला धरून उभी राहते. दिवा लागला की पुन्हा बोलते. सासूबाई म्हणतात, तिन्हीसांजेची बाधा आहे, ताईत बांधा.

अकोटचे जावई दसऱ्याला येऊन तिला घेऊन जाणार, हे आता नक्की झाल्यासारखं आहे. मामाजींनी हो म्हटलं.

जमुना


अमरावती
५ सप्टेंबर १९६१

चि. सौ. जमुना हिला आशीर्वाद.

ताईत नको. जे लिहिते ते शांतपणे वाच.

थाळीवर जाऊ नकोस. मी इथल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कान असा अर्धामुर्धा गेला की थाळी, ढोल, गाडीचा भोंगा ऐकू येतो, पण माणसाचं बोलणं नुसतं पुटपुटल्यासारखं पोचतं, त्यातला शब्द कळत नाही. मग अशी मुलं आपली आपणच एक विद्या शिकतात. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात. कोणी शिकवावं लागत नाही. त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं की आपण वेगळं काही करतो आहोत.

दिवा नसला की ती मुकी का होते ते आता कळलं? अंधारात तोंड दिसत नाही. बाबा तिच्यासमोर येऊन बोलतात, त्यांचं ती ऐकते. माय बोलते तेव्हा तिचं तोंड, हात, भुवया सगळंच बोलतं, तिचंही ऐकते. केशवराव गुरुजींना मिशा आहेत का, आणि ते फळ्याकडे तोंड करून सांगतात का, हे मला न बघता सांगता येईल. आणि त्या सगळ्या घरात एकच माणूस तोंड झाकून बोलतं. ते म्हणजे तू. तिने पदर ओढला तो तुझा अपमान करायला नाही, जमुना. तू काय म्हणतेस ते तिला ऐकायचं होतं.

मी कोणत्या तोंडाने तुला ठणकावून बोलायला सांगितलं, याचा विचार करते आणि मला इथे झोप नाही.

आता तिच्याशी बोलताना आधी खांद्याला हात लाव, तिने बघितलं की उजेड तुझ्या चेहऱ्यावर येईल अशी उभी राहा, आणि नेहमीसारखं बोल, ओरडू नकोस. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. शाळेत तिला पुढच्या ओळीत, खिडकीच्या बाजूला बसवायला सांगायचं. कान तपासायला दसऱ्याच्या सुट्टीत इथे घेऊन ये. आणि तोंडावरचा पदर काढ.

तारा


अकोला
२७ सप्टेंबर १९६१

ती. ताराबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तिला मळ्यात घेऊन गेले, मोर्णा नदीकाठच्या झेंडूत. मामाजी बाजारात गेले होते, आसपास कोणी नव्हतं. मी तोंड उघडं केलं, तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "शैला, ते मोठं फूल तोड." तोडलं. "ओच्यात टाक." टाकलं. "आता माझ्याजवळ ये." आली. ताराबाई, मी जे जे म्हटलं ते ते पोरीने केलं. इतकी वर्षं लोकांनी मला सांगितलं की तुझ्यात दम नाही, आणि मीही ते खरं मानलं होतं. मी तिथे वाफ्यात बसून रडले. तर ती घाबरली, लागली माझा गळा चोळायला.

शेजारच्या मळ्यातलं कोणी आलं वाटून मी मध्येच आवाज बंद केला, नुसते ओठ हलवले. तरीही तिला कळलं. आवाज असला काय नि नसला काय, तिला माझं तोंड पुरतं.

तेव्हापासून रोज काहीतरी निमित्त काढून आम्ही मळ्यात जातो. मी शब्द सांगते, ती काडीने मातीत लिहिते. शुद्धलेखन येत नाही म्हणून जिची पाटी कोरी राहायची, ती हीच पोर.

पण घरी आलो की सगळं संपतं. तुम्ही लिहिलंत, पदर काढ. तुम्ही या घरच्या लेक आहात, मी सून आहे. लग्न झाल्यापासून मामाजींनी माझा चेहरा धड पाहिलेला नाही, की मला सरळ एक शब्द बोललेले नाहीत. काही सांगायचं तर भिंतीला सांगतात, "चहा ठेवायले सांगा." ते वाईट नाहीत, रीतच तशी आहे. त्यांच्यासमोर मी तोंड उघडं केलं तर सासूबाई म्हणतील, पोरीचं निमित्त करून हिने मर्यादा सोडली. मामाजीही तसंच समजले तर? मग माझं काही सांगणं ते ऐकूनच घेणार नाहीत, आणि शैला अकोटला जाईल ती जाईलच. तिकडे खोलीत अंधार, तानुबाईंच्या घरी माणसांची गर्दी, कोण हिच्या खांद्याला हात लावून समोर येऊन बोलणार? ती हळूहळू खरंच मुकी होईल, या विचाराने मी हैराण आहे.

तुमच्या भावाला सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाबाले मी कसं सांगू? ताराबाईले येऊ दे." अमरावतीला पोरीला आणायचं काढलं तर सासूबाईंनी नाही म्हटलं.

दसऱ्याच्या आत तुम्ही या. मामाजी तुमचं ऐकतात. मी वाट बघते.

जमुना


अमरावती
३ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. जमुना हिला आशीर्वाद.

येते. रजा मागितली आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने निघते. बाबांशी मी बोलेन, मायशी भांडेन, तू फक्त दाराआड उभी राहा. तोपर्यंत मळ्यात जाणं सोडू नकोस आणि कोणाशी वाद घालू नकोस.

डॉक्टरांनी वेळ दिली आहे. गेलेलं ऐकू परत येईल असं ते म्हणत नाहीत. उरलेलं टिकवता येईल म्हणतात, म्हणून कान वाहणं आधी थांबवायला हवं. हे बाबांना मी माझ्या तोंडाने समजावते.

तारा


अमरावती
१६ ऑक्टोबर १९६१

सौ. जमुनाबाई यांस,

मी ताराबाईंची शेजारीण अनुपमा. त्यांना हिवतापाने गाठलं आहे, उठून बसण्याचीही ताकद नाही. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली आहे. तापातही त्या सारख्या अकोल्याचं बोलतात. त्यांनी सांगितलेला निरोप जसाच्या तसा लिहिते : "मी येऊ शकत नाही. आता तूच आहेस."

कळावे.
अनुपमा


अकोला
२३ ऑक्टोबर १९६१

तारा,

मी तुहा बाप, उत्तमराव. हे पत्र मी सांगून राहिलो अन् तुही भावजय लिहून राहिली. मी तिले म्हटलं, मी बोलतो तसंच लिही, शुद्ध करू नको.

तुही तब्येत कशी आहे ते कळव. ताप उतरला का? कोणाच्या हातानं सागू घेऊन राहिली?

दसऱ्याच्या दिवशी अकोटचे जवाई आले. पोट्टीची थैली भरून ओसरीवर ठेवली होती. तुही माय म्हणे, येष्टीची वेळ झाली, निघा. मी हो म्हटलं होतं, ते लपवत नाई. मले वाटलं, इथं शाळेत बोलणी खाते, घरात मार खाते. तिकडं तरी सुखानं राहीन.

मंग तुही भावजय दारात आली. माह्या समोर. डोक्यावरचा पदर तसाच ठेवला अन् तोंडावरचा खाली केला. मी मान फिरवली, आपली रीतच तशी आहे. पण कोणी काही बोलेच ना. तुही माय एवढंच म्हणे, "काय बाधा झाली वं इले?" म्हणून मी पाह्यलं. सून पोट्टीकडं तोंड करून उभी होती अन् नुसते ओठ हालवे. आवाज नाई. अन् पोट्टी उठली. फुलाच्या टोपल्यापाशी गेली, पिवळा झेंडू सोडला, केशरी माळ उचलली अन् माह्या गळ्यात टाकली. मंग तिनं जवायापाशी ठेवलेली आपली थैली उचलली अन् घरात नेऊन ठेवली.

मले एक शब्द ऐकू आला नाई तारा. माहे कान चांगले आहेत. जवायाचेही आहेत. अन् त्या पोट्टीले सगळं ऐकू आलं.

तुह्या भावाले, सहदेवाले, तेव्हा कंठ फुटला. त्यानं गोवराचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं, तुहे पत्र आणून वाचले. मी गळ्यात माळ घेऊन तसाच बसून होतो. इतले दिवस मले वाटे, पोट्टी माह्यावर जीव लावते म्हणून माहं ऐकते. मनात खुशी होये, कोणाले सांगितली नाई. आता समजलं, माहं तोंड उघडं होतं, एवढंच. तिच्या मायचं आम्ही झाकून ठेवलं, अन् वरतून म्हणत होतो, मायचं ऐकत नाई.

मंग मी सुनेले म्हटलं. भिंतीले नाई, तिलेच म्हटलं, "बाई, डोक्यावर पदर राहू दे, तोंडावर नको. पोट्टीचे कान तिथं आहेत." हे लिहितानी ते थांबली होती. मी म्हटलं, लिही, मी म्हटलंच आहे तसं.

मी तिले विचारलं, आवाज काहून नाई काढला? तं म्हणे, "मामाजी, तुमच्यासमोर बोलले असं कोणी म्हणू नये म्हणून."

पोट्टी कुठंच जात नाई. तुही माय स्वतः जाते अकोटले, लेकीचं बाळंतपण मायनंच करावं. तीन दिवस ते फुगून होती. काल तिनं पोट्टीच्या खांद्याले हात लावला, तोंड समोर केलं अन् मंग बोलली. बोलली काय, वरडलीच, पण समोरून वरडली.

शाळेत मी जाऊन आलो. केशवराव गुरुजीले म्हटलं, गुरुजी, मिशा तुमच्या आहेत, पोट्टी माही आहे, वठावरच्या थोड्या कापा. ते रागावले. मंग मी सुनेनं शब्द सांगून लिहवून घेतलेली पाटी दाखवली. गुरुजीनं पाटी हातात घेऊन एकेक शब्द तपासला. पुढच्या ओळीत बसवतो म्हणाले. मिशाचं पाहू म्हणाले.

दिवाळी झाली का मी, सहदेव, सून अन् पोट्टी, सगळेच अमरावतीले येतो. डॉक्टरले सांगून ठेव. कान परत येत नाई म्हणतात ते ऐकलं मी. तरी येतो.

उत्तमराव


ताराबाई, मामाजी आता मळ्यात गेले, उरलेल्या जागेत माझं लिहिते.

तुमचा ताप उतरल्याचं कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही. इकडची भीतीही संपलेली नाही. कान पुन्हा वाहतो आहे. गुरुजी एक दिवस नीट वागले, दुसऱ्याच दिवशी परत फळ्याकडे तोंड करून शुद्धलेखन सांगितलं, शैला कोरी पाटी घेऊन आली. गल्लीतली पोरं तिला मागून हाका मारून गंमत बघतात. पुढे मोठ्या शाळेत काय, लग्नाचं काय, हे मनात आलं की मी चुलीपाशी तशीच बसून राहते. मग ती माझ्यासमोर येऊन माझ्या तोंडाकडे बघते आणि मला काहीतरी बोलावंच लागतं.

आज सकाळी शेजारच्या चतुराबाई आल्या. हातात लिंबं होती. विचारायला लागल्या, "जमुने, इतले वर्ष तुले काय दुखणं होतं वं? आमाले कधी सांगितलंबी नाई." मी म्हटलं, मला कसलं दुखणं? तर म्हणाल्या, शैला सकाळपासून घरोघर जाऊन सांगते आहे, "माही माय बरी झाली. आबा घरात आले का ते मुकी होये. आता नाई होत. आता आबासमोरबी बोलते."

मला ते लसणीचं तेल आठवलं, ताराबाई. तिच्या कानाला बरं वाटलं म्हणून ती तेच माझ्या गळ्याला चोळायची, आणि मी तिचा हात बाजूला करत होते.

चतुराबाई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. शैलाही दारात येऊन उभी राहिली होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी तोंड तिच्याकडे केलं आणि म्हटलं, "हो चतुराबाई, बरी झाले."

तुमची
जमुना